नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का?

'ताई, मी घरसामानाच्या एका मोठ्या दुकानात ड्यूट्या लावते. आमचं दुकान वर्षातून एकच दिवस, सगळ्यात मोठ्या सुट्टीला, पूर्ण बंद असायचं. यंदा मालकांनी त्या दिवशीही शटर उघडायचं ठरवलं, कारण समोरच्या दुकानाने गेल्या वर्षी उघडलं होतं. "कुणावर सक्ती नको, ज्याला यायचंय त्याने यावं, डबल पगार देऊ," असं त्यांनी मला सांगितलं. मी नोटीस बोर्डावर एक कोरा कागद लावला. बारा माणसं हवी होती. दोन दिवसांत बारा सह्या झाल्या आणि मी निश्चिंत झाले. मग नावं नीट वाचली. बारापैकी नऊ जण कॉन्ट्रॅक्टवरचे, आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट लवकरच संपतंय. त्यातल्या एका मुलाने सही करून झाल्यावर मला विचारलं, "मॅडम, नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का?" मी म्हटलं, "अरे, अर्थात!" पण तेव्हापासून मनातून जात नाही. माझा भाऊ म्हणतो, इस्पितळं चालू असतात, गाड्या चालू असतात, तुमच्याच दुकानाने काय पाप केलंय? वर दुप्पट पैसे आणि बदली सुट्टीही मिळते. मला त्याला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर सुट्टीच्या दिवशी मी स्वतःही खरेदीला जाते. मी चुकले का? आणि आता काय करू? – ड्यूट्या लावणारी'

तुमचे प्रश्न नंतर घेते, आधी त्या मुलाचा. त्याला तुम्ही जे उत्तर दिलंत ते तुमच्यापुरतं खरं आहे. त्याने सही केली नसती तर तुम्ही त्याच्यावर डूख धरला नसता, त्याच्या नावापुढे फुली मारली नसती. पण तो तुमच्या स्वभावाची चौकशी करत नव्हता. आणखी काही आठवड्यांनी कॉन्ट्रॅक्ट वाढवायची यादी कुणाच्या तरी टेबलावर जाईल. त्या टेबलावरच्या माणसाला तेव्हा हा कागद आठवेल का, एवढंच त्याला हवं होतं. ते तुम्हाला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. तरी तुम्ही 'अर्थात' म्हणालात. माया होती म्हणून म्हणालात, हे मला पत्रातून कळतं, पण त्याच्या हातात त्यातून काहीच पडलं नाही.

आता तो कागद. नोटीस बोर्ड कुठे असतो? येता-जाता सगळ्यांना दिसेल अशा जागी. तिथे लावलेल्या कागदावर ज्यांची नावं आहेत ती वाचता येतात, आणि ज्यांची नाहीत तीही वाचता येतात. कायम नोकरीतल्या माणसाने सही केली नाही तर लोक म्हणतात, त्याच्या घरी कार्यक्रम असेल. कॉन्ट्रॅक्टवरच्याने केली नाही तर म्हणतात, याला कामाची गरज दिसत नाही. दुसरं वाक्य कुणी तोंडाने म्हणायचीही गरज नसते. ते त्या मुलांच्या कानात आपोआप वाजतं. म्हणून सह्या दोन दिवसांत झाल्या. तुम्ही निश्चिंत झालात तो वेग उत्साहाचा नव्हता, धास्तीचा होता.

हे मी खात्रीने सांगते, कारण मी स्वतः अशी सही केलेली आहे. तरुणपणी मी एका वर्तमानपत्रात रात्रपाळीला मुद्रितशोधनाचं काम करत होते. सुट्टीच्या दिवशी कचेरी बंद असते असं वाचकांना वाटतं. पण त्या दिवशीचा अंक आदल्या रात्रीच तयार झालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी अंक हवा असेल तर सुट्टीच्या दिवशीच टेबलावर बसावं लागतं. 'कोण थांबणार?' असं आमचे वरिष्ठ दर वेळी हसतमुखाने विचारायचे. मी तीन वर्षं पहिला हात वर केला. सगळ्यांची पक्की समजूत झाली की हिला घरी करमत नाही. चौथ्या वर्षी मला कायम केलं. पुढच्या सुट्टीला मी हात वर केला नाही आणि कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण तोवर सगळे नव्या मुलीकडे बघायला लागले होते. मीही बघत होते. त्या गोष्टीची मला आज जास्त लाज वाटते.

तेव्हा तुम्ही चुकलात का, याचं उत्तर हो असं आहे. पण दुकान उघडायला हातभार लावलात ही ती चूक नाही. तो निर्णय तुमचा नव्हताच. चूक ही, की 'स्वेच्छेने' हा शब्द मालकांनी तुमच्या हातात दिला आणि तो खरा आहे की खोटा हे न तपासता तुम्ही बोर्डावर टाचलात.

भावाचा मुद्दा. तो जुना आहे आणि बराचसा बरोबरही आहे. इ. स. ३२१ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारच्या विश्रांतीचा हुकूम काढला. न्यायाधीशांनी, शहरात राहणाऱ्यांनी आणि कारागिरांनी त्या दिवशी काम बंद ठेवावं, असा तो हुकूम होता. पण त्यातच शेतकऱ्यांना सूट दिलेली होती: धान्य पेरायला किंवा द्राक्षाचे वेल लावायला पुष्कळदा नेमका तोच दिवस योग्य असतो, आणि ती वेळ टळली तर हातचं जातं. म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी, हुकूम लिहितानाच, त्या लोकांना कळलं होतं की सुट्टीच्या दिवशी जगातलं सगळं काम थांबवता येत नाही. सूट कुणाला द्यायची हे ठरवायला त्यांनी लावलेला निकष मला अजून पटतो. काय थांबू शकत नाही? आजारी माणूस थांबू शकत नाही. आग थांबत नाही. वीज, पाणी, गाडी थांबून चालत नाही, कारण सुट्टीला घरी जायचं असेल तर कुणीतरी गाडी चालवावीच लागते.

घरसामानाच्या दुकानात असं काय आहे? पाण्याचा नळ तुटला आणि घरभर पाणी होतंय, तर नळ विकणाऱ्या माणसाची त्या दिवशी खरंच गरज आहे, हे मी मान्य करते. पडद्याची दांडी मात्र दुसऱ्या दिवशी घेतली तरी खिडकी कुठे जात नाही.

आणि भावाने इस्पितळाचं उदाहरण अर्धंच घेतलं, हे त्याला जरूर सांगा. सुट्टीच्या दिवशी इस्पितळ चालू असतं म्हणजे सगळं इस्पितळ चालू असतं असं नाही. तातडीचा विभाग आणि वॉर्ड चालू असतात. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलतात, बाह्यरुग्ण विभाग सहसा बंद असतो, कचेरीतली माणसं घरी असतात. जेवढं थांबू शकत नाही तेवढंच चालू. शिवाय नीट चालणाऱ्या इस्पितळात सुट्टीची पाळी फिरती असते. यंदा तुमच्याकडे आली तर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे, आणि मोठ्या डॉक्टरांनाही ती चुकत नाही. तुमच्या मालकांना इस्पितळाचा दाखला द्यायचा असेल तर तो पूर्ण द्यावा, फिरत्या पाळीसकट.

मधली कितीतरी कामं अशी आहेत की माझं मन धड इकडे होत नाही, धड तिकडे. औषधांचं दुकान उघडं हवं, यात शंका नाही. पेट्रोल पंप? रुग्णवाहिकेलाही पेट्रोल लागतं आणि उगाच फिरायला निघालेल्यालाही, आणि पंपावरच्या माणसाला दोघांत फरक करता येत नाही. उपाहारगृह? ज्याला घरच नाही, किंवा ज्याच्या घरी त्या दिवशी कुणी नाही, अशा माणसाला उघडं दार आणि समोर बोलणारं कुणीतरी फार मोलाचं असतं. पण त्या एकाकरता आत आठ जण राबतात. मला याचं एकच एक उत्तर सापडलेलं नाही, आणि ज्यांना सापडलंय असं वाटतं ते बहुधा स्वतः सुट्टीवर असतात.

आता दुप्पट पगार आणि बदली सुट्टी. भावाचा सगळ्यात वजनदार मुद्दा खरं तर हाच आहे, आणि लोक इथेच गप्प बसतात. एका दिवसाच्या बदल्यात दुसरा दिवस दिला, वर पैसेही जास्त दिले, मग हिशोब मिटला की नाही?

यावर एका अख्ख्या देशाने प्रयोग करून पाहिला आहे. १९२९ मध्ये सोव्हिएत संघाने 'अखंड आठवडा' सुरू केला. यंत्रं एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक रंग दिला. चार दिवस काम, पाचव्या दिवशी सुट्टी. पण प्रत्येक रंगाची सुट्टी निराळ्या दिवशी. कागदावर बघितलं तर यात कामगाराचा फायदाच होता. आधी सात दिवसांनी सुट्टी यायची, आता पाच दिवसांनी यायला लागली. तरी लोक खूश नव्हते. नवरा एका रंगात, बायको दुसऱ्या रंगात, मुलांची शाळा तिसऱ्याच दिवशी बंद. रिकाम्या घरात एकट्याने बसून सुट्टीचं करायचं काय? भेटायला जावं तर मित्र कामावर. यंत्रांचंही भलं झालं नाही, कारण ती दुरुस्त करायला मोकळा दिवसच उरला नाही. १९३१ मध्ये सहा दिवसांचा आठवडा आणला आणि सगळ्यांना एकच सुट्टी दिली. १९४० मध्ये तर सात दिवसांचा आठवडा आणि रविवारच परत आला.

म्हणजे सुट्टी तासांत मोजली की तिचा निम्मा जीव जातो. ती आपल्याला मिळते तेव्हाच आपल्या माणसांनाही मिळालेली असते, म्हणून ती सुट्टी. बदली सुट्टीच्या दिवशी त्या मुलाची आई कामावर असेल, बहीण कॉलेजात असेल, मित्र आपापल्या ड्यूटीवर असतील. त्याला झोप मिळेल, आणि झोपेला मी कमी लेखत नाही, पण जे हुकलं ते परत मिळणार नाही. २०१४ साली दोन समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून एक गंमतीची गोष्ट दाखवली. शनिवार-रविवारी नोकरदारांना बरं वाटतं हे तर कुणीही सांगेल. पण ज्यांना नोकरीच नाही, ज्यांचे सातही दिवस मोकळे, त्यांनाही शनिवार-रविवारी बऱ्याच अंशी तसंच बरं वाटतं. कारण त्या दिवशी बाकीचे मोकळे होतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९२१ च्या साप्ताहिक सुट्टीच्या करारात हे कलमातच आलेलं आहे. कारखान्यांतल्या कामगारांना सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती मिळावी, आणि शक्य असेल तिथे ती आस्थापनेतल्या सगळ्यांना एकाच वेळी मिळावी. १९५७ मध्ये दुकानं आणि कचेऱ्यांसाठी वेगळा करार झाला, त्यातही 'एकाच वेळी' कायम ठेवलं. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीमुळे १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना जी सुट्टी मिळाली तीही सगळ्यांना एकच, रविवारची. गिरणीचा भोंगा त्या दिवशी कुणासाठीच वाजायचा नाही.

म्हणून भावाला सांगा की दुप्पट पगार जरूर द्यावा, तो देणं रास्तच आहे, पण त्याला किंमत चुकवली असं म्हणू नये. ती भरपाई आहे, आणि भरपाई म्हटलं की आधी काहीतरी नुकसान झालेलं असतंच.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात, माझ्या मते ते या सगळ्याचं मूळ आहे: 'समोरच्या दुकानाने गेल्या वर्षी उघडलं होतं.' मालकांना त्या दिवशी गल्ला किती भरेल याची फार आशा असेल असं मला वाटत नाही. समोरचा उघडा आणि आपण बंद, हे त्यांना सहन होत नाहीये. ही शर्यत कुठे जाते हे अमेरिकेत फार स्पष्ट दिसलं. तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मोठ्या खरेदीचा हंगाम सुरू होतो. दुकानं पूर्वी शुक्रवारी पहाटे उघडायची. टार्गेट या मोठ्या साखळीचंच बघा. २०११ मध्ये तिने गुरुवारी मध्यरात्री दार उघडलं. २०१२ मध्ये रात्री ९ वाजता. २०१३ मध्ये ८ वाजता. २०१४ मध्ये संध्याकाळी ६ वाजता. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे बघून एक पाऊल पुढे टाकत होता, आणि सगळे मिळून सुट्टी कुरतडत होते. मग २०२० मध्ये महासाथीमुळे दुकानं त्या गुरुवारी बंद ठेवली, आणि २०२१ मध्ये टार्गेटने जाहीर केलं की यापुढे थँक्सगिव्हिंगला आम्ही कायम बंद. सगळ्यांनी एकदम पाय मागे घेतला तेव्हा कुणालाच मागे पडल्यासारखं वाटलं नाही.

शर्यतीतून एकट्याने बाहेर पडणं कठीण असतं, म्हणून काही ठिकाणी कायद्याने सगळ्यांना एकत्र थांबवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानुसार २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी उघडता येत नाही. लहान दुकानांना मुभा आहे. या भेदावर पुष्कळांनी नाकं मुरडली, पण मला तो बरोबर वाटतो. लहान दुकानात बहुतेक वेळा मालक स्वतः गल्ल्यावर असतो. त्याने आपली सुट्टी आपण विकली तर तो त्याचा प्रश्न. मोठ्या दुकानात उघडायचं ठरवणारा एक असतो आणि येणारे दुसरे.

यावरून तुमच्या मालकांना विचारायचा एक प्रश्न सुचतो: त्या दिवशी ते स्वतः येणार आहेत का? हार घालून घ्यायला नाही, अख्खी पाळी, बिलिंगला. हा टोमणा म्हणून विचारू नका. खरंच विचारा. ज्याला त्या दिवशी स्वतःला यायचंय तो दुकान किती वाजता उघडायचं, किती वाजता बंद करायचं, बारा माणसं लागतात की सातात भागतं, या सगळ्याचा पुन्हा विचार करतो. माझा अनुभव असा, की साहेब येणार म्हटल्यावर दहा तासांची पाळी पाच तासांची होते.

आणखी एक हिशोब त्यांच्यापुढे ठेवा. त्या दिवशीची विक्री बघून खूश होऊ नका, त्या आठवड्याची बघा. ज्याला पडद्याची दांडी घ्यायची होती त्याने ती सुट्टीच्या दिवशी घेतली तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही. आठवड्याचा आकडा तेवढाच राहिला तर तुम्ही डबल पगार देऊन गिऱ्हाईक एक दिवस अलीकडे आणलंत, एवढंच.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी त्या बारा जणांना बिचारे ठरवून टाकलं. तसं करू नका, मीही करणार नाही. काहींना त्या दिवशी खरोखर कामावर यायचं असतं. कुणाला पैशांची नड असते आणि डबल पगाराचा एक दिवस म्हणजे एक हप्ता. कुणाच्या घरी नुकतंच कुणी गेलेलं असतं आणि सुट्टीचा दिवस खायला उठतो. कुणाला घरच्यांचे प्रश्न नको असतात: लग्न कधी, नोकरी पक्की कधी. कुणाचा तो सणच नसतो. या लोकांचं त्या दिवशीचं काम त्यांच्या भल्यासाठी म्हणून हिसकावून घेणं हाही एक अन्यायच. १९६१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात फिलाडेल्फियाच्या काही ज्यू दुकानदारांचा खटला चालला. त्यांचा धर्म त्यांना शनिवारी दुकान उघडू देत नव्हता आणि राज्याचा कायदा रविवारी. आठवड्यातले दोन दिवस त्यांचे बुडत होते, शेजाऱ्याचा एकच. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. बहुसंख्यांची सुट्टी सगळ्यांवर लादली की असं होतं.

पण तुमच्यासारख्या ड्यूट्या लावणाऱ्यांना याच्या उलटी सवय असते, ती सांभाळा. 'त्याचा काही हा सण नाही, तो येईल की,' असं म्हणून एकाच माणसाला दर वर्षी बोलावतात. अदलाबदल दोन्हीकडून झाली पाहिजे. तो तुमच्या सुट्टीला उभा राहिला तर त्याच्या सुट्टीला तुमच्यापैकी कुणीतरी उभं राहायला हवं, आणि ते त्याला दर वेळी रजेचा अर्ज करून मागायला लागता कामा नये. हेच अविवाहितांचं. 'तुला कुठे मुलंबाळं आहेत?' हा प्रश्न ड्यूटीच्या तक्त्यातून कायमचा काढून टाका. मुलं नसलेल्या माणसाला आईवडील असतात, मित्र असतात, आणि कुणीच नसलं तरी दिवस त्याचाच असतो.

आता करायचं काय. उद्या सकाळी तो कागद काढा. लपूनछपून काढू नका. सगळ्यांना सांगा की अशा रीतीने सह्या घेणं बरोबर नव्हतं, ही यादी रद्द. मग प्रत्येकाकडून बंद चिठ्ठी घ्या, तीत तीनच पर्याय ठेवा: मला यायचंय, आलो तर चालेल, मला नको. चिठ्ठ्या तुमच्याकडे राहतील, मालकांकडे जाणार नाहीत, हे आधी मालकांकडून कबूल करून घ्या. 'नको' म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. कारण विचारलं की चिठ्ठीचा पुन्हा नोटीस बोर्ड होतो.

त्याहूनही महत्त्वाचं, कॉन्ट्रॅक्टचं. मालकांना सांगा की ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट वाढवायचंय त्यांचा निर्णय चिठ्ठ्या फिरवण्याआधी घ्या आणि त्यांना कळवा. ते जमणार नसेल तर सुट्टीच्या ड्यूटीचा आणि कॉन्ट्रॅक्टचा संबंध जोडणार नाही, असं लेखी द्या. इंग्लंडमध्ये १९९४ मध्ये रविवारी दुकानं उघडायला परवानगी दिली तेव्हा दुकानातल्या कामगारांना एक हक्कही दिला: तीन महिने आधी लेखी कळवून रविवारचं काम नाकारायचा, आणि त्यावरून त्यांना काढता येत नाही. त्या कायद्यात दार उघडणं आणि नकाराची सोय एकत्र आली. तुमच्याकडे दार उघडतंय, सोय अजून व्हायची आहे.

'मला यायचंय' म्हणणारे बारा निघाले, तर उत्तम. नाही निघाले आणि मालक मागे हटत नसले, तर त्याला स्वेच्छा म्हणणं सोडा. ती ड्यूटी आहे असं स्पष्ट म्हणा, आणि ड्यूटी असेल तर ती ड्यूटीसारखी सगळ्यांत वाटा: कायम नोकरीतले, कॉन्ट्रॅक्टवरचे, सुपरवायझर, तुम्ही. चिठ्ठ्या टाका, कोण आलं याची वहीत नोंद ठेवा, पुढच्या वर्षी त्यांना वगळून चिठ्ठ्या टाका. कायमवाले कुरकुर करतील. करू देत. इतकी वर्षं त्यांना ती सुट्टी फुकट मिळाली होती, यंदा तिची किंमत काय आहे ते त्यांनाही कळेल, आणि गंमत म्हणजे मालकांकडे तक्रार घेऊन जायची हिंमत त्यांच्यातच आहे. नऊ जण कॉन्ट्रॅक्टवरचे असले तर दुकान निमूट उघडतं. नऊ जण कायम असले तर दुकान उघडायचं का, यावर बैठक बसते.

तुमच्या कागदावर ज्यांना जागाच नव्हती ती माणसंही आठवा. दारावरचा सुरक्षारक्षक, झाडलोट करणाऱ्या बाया, माल उतरवणारे, घरपोच सामान नेणारी मुलं. ती तुमच्या हजेरीपटावर नसतील, ठेकेदाराची असतील, म्हणून त्यांना कुणी विचारलं नाही. दुकान उघडलं की ती आपोआप येणार असं सगळ्यांनी धरलेलं असतं. त्यांचा डबल पगार ठेकेदार त्यांच्या हातात देतो का, हे विचारायचा अधिकार तुम्हाला नसेल, पण मालकांना नक्की आहे. आणि त्या दिवशी गाड्या कमी असतात, तेव्हा रात्री शटर ओढल्यावर माणसं घरी कशी जाणार तेही बघा. बदली सुट्टी कधी घ्यायची ते ज्याची त्याला ठरवू द्या, म्हणजे निदान साप्ताहिक सुट्टीला जोडून गावी तरी जाता येईल.

तुमच्या स्वतःच्या खरेदीबद्दल मी फार बोलणार नाही. तुम्ही एकट्या गेला नाहीत म्हणून कुठलं दुकान बंद पडणार नाही, आणि गेलात म्हणून तुम्ही दुष्ट ठरत नाही. जे दुसऱ्या दिवशी चालतं ते दुसऱ्या दिवशी घ्या. घ्यावंच लागलं तर बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी आत शिरू नका.

राहता राहिला तो मुलगा. त्याला यादी रद्द झाल्याचं बोर्डावरून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. त्याला सांगा की तू विचारलंस ते बरोबर होतं, मला उत्तर माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं दिलं. त्याच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल काही ठरलं असेल तर तेही त्याच वेळी सांगा. मग चिठ्ठी द्या. कदाचित तो पुन्हा 'यायचंय' असंच लिहील. मग त्याला सकाळची पाळी लावा.